चोराचं नाक

तुकडे सरांचं उजवं मनगट कधी स्वस्थ नसे. परभणीच्या आमच्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये चहा पितानासुद्धा ते आपलं हलत राहायचं. फ्लूच्या विषाणूचा एक बारीकसा तुकडा प्रयोगशाळेत जोडून त्याची लस करायची, हा सरांचा ध्यास; म्हणून हे नाव. जोडणी चालू असताना काचेचं भांडं सारखं हलवत ठेवावं लागे. त्याला यंत्र होतं, पण वीज परभणीची. ती गेली की मनगट कामाला लागायचं.

मी शेजारच्या खोलीत रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे ऐकणं माझ्याच वाट्याला. "अख्खा विषाणू कशाला टोचायचा? शरीराला चोराचं नुसतं नाक दाखवा. पुढच्या टायमाला चोर आला की धरतंय." विषाणू दरवर्षी वेश बदलतो, पण नाक तेच ठेवतो, असा त्यांचा भरवसा होता. बोरीला, त्यांच्या गावी, त्यांची आई फ्लूच्या तापानं गेली होती. "माझ्या लशीची पूड फडताळात ठेवा. बर्फ नको, काही नको. बोरीतबी टिकंल."

लस आधी सशांना टोचली. नामांतराचा बंद असो की संचारबंदी, सर घासाची पेंढी काखोटीला मारून निघायचे. एकदा पोलिसानं अडवलं, तर म्हणाले, "सशायला काय कळतंय कर्फ्यू?" त्यानं काठी बाजूला घेतली.

सशांचं रक्त तो तुकडा ओळखायला लागलं, त्या दिवशी सरांनी पेढे वाटले. मीही त्यांच्याइतकाच हुरळलो. खऱ्या विषाणूवरची परीक्षा मात्र पुण्याच्या विषाणू संस्थेतच व्हायची होती. सशांच्या रक्ताचा नमुना थर्मासात बर्फ भरून सर एसटीनं घेऊन गेले.

परतले ते थेट माझ्याकडे. "नाक वळखलं, चोर न्हाई वळखला," म्हणाले. रिकामा थर्मास खाली ठेवून बसले. "सुट्टं नाक येगळं आन् चेहऱ्यावरचं येगळं." मनगट मांडीवर निपचित पडलं होतं. ते बघवेना.

पुढे त्यांनी आणखी तुकडे जोडून पाहिले. दरवेळी तेच. निवृत्तीच्या दिवशी उरलेल्या पुडीची कुपी माझ्या हातात देऊन म्हणाले, "ठिवा. बर्फ लागत न्हाई." मग एका हिवाळ्यात तेही आईसारखेच तापानं गेले.

कुपी माझ्या फडताळात आहे. इथले कितीतरी उन्हाळे तिनं काढले. पूड अजून पांढरीशुभ्र, कोरडी आहे. सरांचं तेवढं खरं ठरलं, आणि ते कुणाच्याच कामाचं नाही.