भात्याचा मान

गेल्या वर्षी आजारातून उठले तेव्हा देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं म्हटलं तर ते खोटं होईल, पण त्याच्याशी बोलणं मी टाकलं होतं. न्यूमोनिया झाला आणि जाताना फुप्फुसांची पार रया घालवून गेला. जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या आमच्या घराचे दोन जिने चढताना मला मधल्या खिडकीपाशी टेकावं लागायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वास हळूहळू सुधारेल, गाण्याचं मात्र मनातून काढून टाका. त्यांनी ते सहज सांगितलं, जसं एखाद्याला लोणचं बंद करायला सांगावं. त्यांना काय ठाऊक, की देवाला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. उपास मला झेपत नाहीत, पोथी उघडली की डोळा लागतो, जपाची माळ हातात घेतली की रात्रीच्या भाजीचा विचार सुरू होतो. भक्ती म्हणून जी काही होती ती गळ्यातच, आणि त्याने नेमका गळाच काढून घेतला. म्हटलं, ठीक आहे, मग राहा उगी.

हा गळा मला वडिलांच्या पेटीशेजारी मिळाला. आमचं गाव तळकोकणात, अगदी समुद्राला लागून. रवळनाथाच्या देवळात प्रत्येक घराकडे काही ना काही मान असतो. कुणाकडे ढोल, कुणाकडे तरंग म्हणजे देवाची सजवलेली काठी, कुणी दिवटीला तेल घालायचं. आमच्या घराकडे सोमवारच्या भजनाची पेटी होती. मी शाळेत असतानाच बाबांचा डावा हात लुळा पडला. उजव्या हाताची बोटं तेवढी शाबूत राहिली, पण भाता कोण मारणार? मग मी पेटीच्या पलीकडे, त्यांच्या समोर बसायचे, भाता मारायचे आणि त्यांच्यामागून गायचे. सूर त्यांचे, हवा माझी. लोक बाबांना वाहवा देत आणि मी मनातून चिडायचे. बाबांना ते कळायचं. म्हणायचे, "बाय, तू हवा कमी पडाक देव नको. फुडचा तो बघता." तो म्हणजे रवळनाथ की ते स्वतः, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला बाबा नाहीत.

लग्नानंतर ती पेटी मी जर्मनीत आणली. नवऱ्याने विमानतळावर तिच्यासाठी किती बोलणी खाल्ली ते तो अजून ऐकवतो. पहिल्या वर्षीच्या गणपतीत संध्याकाळी मी खिडक्या सताड उघड्या टाकून गायले, आरत्या झाल्या, मग बाबांची भजनं झाली, मला थांबवेना. तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे हेर क्रेमर, म्हणजे क्रेमरसाहेब, उभे होते, उंच, वाकलेले, हातात टोपी. "आल्झो, फ्राऊ नाखबारिन," एवढंच ते म्हणाले. आल्झो म्हणजे आपलं 'तर मग', फ्राऊ म्हणजे बाई, आणि नाखबारिन म्हणजे शेजारीण. इथे आलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच शेजाऱ्यांच्या शांततेच्या वेळा पाठ करायला लावतात, तशा मलाही लावल्या होत्या. मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. माफ करा, पुन्हा होणार नाही, अगदी नक्की होणार नाही, असं मोडक्या जर्मनमध्ये म्हणत राहिले. ते क्षणभर उभे राहिले, मान हलवली आणि खाली गेले.

त्या दिवसापासून आमच्या घरातलं देवाचं गाणं कुजबुजीवर आलं. टाळ रुमालात गुंडाळून वाजवायचे, खिडक्या लावून घ्यायच्या, आरती अशी म्हणायची की देवालाही कान पुढे करावे लागतील. पेटी तळघरात गेली. आमची मुलगी रेवा ही असली आरती ऐकतच मोठी झाली. तिला वाटायचं आरती अशीच म्हणतात, दबक्या आवाजात, कुणी झोपलंय तशी. हेर क्रेमर जिन्यात भेटले की मी नजर चुकवून पटकन वर सटकायचे. आवाज होता तोवर मी तो दाबून ठेवला, पुढे कधीतरी मोकळेपणी गाऊ म्हणून. ते कधीतरी आलंच नाही आणि आवाज गेला. आजारपणात पडल्यापडल्या मला याचंच सगळ्यात वाईट वाटायचं, मरणाच्या भीतीपेक्षा जास्त.

बरी झाल्यावर मला रेहासाठी उत्तरेच्या समुद्रावर पाठवलं. रेहा म्हणजे आजारानंतर ताकद भरून यावी म्हणून काही आठवडे इथे आरोग्यकेंद्रात ठेवतात ते. खारी हवा फुप्फुसांना चांगली म्हणे. गाव एवढंसं, समुद्र अडवणाऱ्या उंच बांधाच्या आड दबकून बसलेलं. बांधावर मेंढ्या, धक्क्याला करंदी म्हणजे बारीक कोळंबी धरणाऱ्या चार होड्या, बोरूने शाकारलेली काही घरं आणि मधोमध मातीच्या उंचवट्यावर विटांचं जुनं चर्च. तिथली माणसं सकाळी, दुपारी, संध्याकाळी भेटली की एकच शब्द म्हणतात, 'मोइन', आणि पुढे चालू लागतात. मला ते फार बरं वाटलं. तब्येत कशी आहे, असं तिथे कुणी विचारलं नाही.

रोज थोडं चालायचं होतं. एका शनिवारी चालत चर्चपर्यंत गेले आणि धाप लागली म्हणून आत बाकावर बसले. समोर वरच्या सज्ज्यात तुकतुकीत जुना ऑर्गन होता, नळ्यांची भलीमोठी पेटीच. मनोऱ्याच्या तळाशी एक छोटं दार उघडं होतं, तिथून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला. जाऊन पाहिलं तर ऐशीच्या घरातले एक आजोबा गुडघा धरून पायरीवर बसले होते. मागे, माझा विश्वास बसेना, तीन प्रचंड भाते होते. चामड्याचे, दारांएवढे, आणि प्रत्येकाला पायाने दाबायची एक लांब तुळई.

त्यांचं नाव हिन्रिक. जन्मभर करंदीची होडी चालवलेला माणूस. हळूहळू, एकेक वाक्य तोडून त्यांनी सांगितलं, की पूर्वी या चर्चला जोडलेल्या सगळ्या खेड्यांत प्रत्येक घराकडे एक काम असायचं. एका घराने घंटा वाजवायची, एकाने बांधाला पडलेली बिळं बुजवायची, एकाने वादळात कंदील धरायचा. त्यांच्या घराकडे भाते. आजोबांनी तुडवले, वडिलांनी तुडवले. आता ऑर्गनला विजेची मोटार आहे, पण वर्षातून एका रविवारी, समुद्रावरून न परतलेल्यांची नावं वाचतात त्या दिवशी, मोटार लावायची नाही असा रिवाज आहे. त्या दिवशीची हवा माणसाने द्यायची. तो रविवार उद्या होता, त्यांचा गुडघा धरला होता आणि मुलगा दूर कुठेतरी कारखान्यात होता. मला आमच्या देवळातले मानकरी आठवले आणि मी काही बोलायच्या आत हिन्रिकनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुमचं वजन पुरेसं आहे," ते म्हणाले. "उद्या काही काम आहे का?"

एखाद्या बाईला इतक्या शांतपणे असं म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "मला धाप लागते. आजारी आहे मी."

"मलाही लागते," ते म्हणाले. "भात्याला लागता कामा नये."

त्यांनी मला शिकवलं. आडव्या दांडीला धरायचं, तुळईवर उभं राहायचं, आणि बस. आपल्या वजनाने तुळई खाली जाते, भाता वर उचलला जातो, हवेने भरतो. मग पाय काढून शेजारच्या तुळईवर. पहिला भाता त्याच्यावरच्या दगडांच्या भाराने आपोआप, संथपणे खाली येत राहतो आणि तोच हवा देतो. मी पहिल्यांदा जोर लावला तर वरून, उद्याच्या सरावाला आलेल्या ऑर्गनवाल्या बाईंकडून, बकरीसारखा सूर आला. "ढकलू नका," हिन्रिक म्हणाले. "नुसतं उभं राहा. हवा कमी पडू द्यायची नाही, तेवढंच आपलं. पुढचं त्याच्याकडे." आणि बोट वर केलं. वर वाजवणाऱ्या बाई होत्या, त्यांच्या वर छप्पर, आणि छपराच्या वरचं मी काय सांगणार. बाबांचं ते वाक्य मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

रविवारी चर्च भरलं होतं. मला त्या खोलीतून काहीच दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. नावं वाचली गेली, प्रत्येक नावानंतर घंटेचा एक टोल, आणि मग सगळा गाव एका आवाजात गायला लागला. मी एका तुळईवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जात होते. हिन्रिक पायरीवर बसून नुसती मान हलवत होते. पहिल्या गाण्यापर्यंत मी माझे श्वास मोजत होते, आता लागेल धाप, आता बसावं लागेल. नंतर कधीतरी मोजणं सुटलं. मी पुन्हा पेटीच्या पलीकडे बसले होते आणि अलीकडे बाबा होते. रडू आलं, पाय चालूच होते. माझ्या छातीत दोन ओळींची हवा नव्हती आणि त्या अख्ख्या गावाच्या गाण्याला मी हवा देत होते. हे कसं झालं, मला माहीत नाही. शरीराच्या वजनाचं काम होतं, फुप्फुसांचं नव्हतं, असं नवरा म्हणतो. तो इंजिनिअर आहे, त्याचं बरोबरच असेल. संपल्यावर मी उंबऱ्यावर बसले आणि कितीतरी महिन्यांनी देवाशी बोलले. फार नाही, 'मोइन' एवढंच म्हटलं.

हिन्रिकनी निघताना कागदात बांधून उकडलेली करंदी दिली. त्यांचा निरोप घेताना ठरवलं, की घरी गेल्यावर एक काम करायचं. हेर क्रेमर आता नव्हते, माझ्या आजारपणाच्या आधीच्या हिवाळ्यात गेले होते. त्यांची बायको, फ्राऊ क्रेमर, एकट्याच राहत. त्यांच्याकडे जायचं आणि विचारायचं, की मी दिवसाउजेडी थोडं गुणगुणले तर चालेल का. गाता येणार नव्हतंच, पण निदान पुन्हा तोंड दाबून बसायचं नव्हतं.

फ्राऊ क्रेमरनी मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "तो त्या दिवशी तक्रार करायला आला नव्हता. जिन्याकडचं दार उघडं ठेवाल का, असं विचारायला आला होता. खाली नीट ऐकू येत नव्हतं."

"ऐकायला आले होते?" मी विचारलं.

"तुम्ही इतक्यांदा माफी मागितलीत की बिचारा घाबरून खाली आला," त्या म्हणाल्या. "त्यानंतर वरून गाणं आलंच नाही. तो शेवटपर्यंत म्हणायचा, मी उगाच गेलो, माझ्यामुळे बंद झालं. मी किती वेळा म्हटलं, जाऊन सांग. म्हणायचा, जिन्यात ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

एका दाराच्या दोन बाजूंना आम्ही दोघं इतकी वर्षं एकमेकांची माफी मागत राहिलो. ते ऐकायला बसलेले आणि मी टाळांना रुमाल गुंडाळत होते. याचं दुःख माझ्याबरोबरच जाईल, ते कुठल्या तीर्थात धुतलं जाणार नाही. देवाने गळा काढून घेतला म्हणून मी त्याच्यावर रुसले होते. त्याने तर गळाही दिला होता आणि खाली ऐकणारा माणूसही बसवला होता. मध्ये दार लावलं ते मी.

नवऱ्याने तळघरातून पेटी वर आणली. ओलीने भात्याच्या घड्या चिरल्या होत्या, त्याने चामड्याच्या पट्ट्या चिकटवल्या, तरी ती वाजताना सुसकारते. मीही सुसकारते, तेव्हा जोडी जमली आहे. एका हाताने भाता मारत दुसऱ्याने वाजवण्याएवढा दम मला अजून नाही. म्हणून सोमवारी संध्याकाळी आम्ही पेटी खाली नेतो, फ्राऊ क्रेमरच्या टेबलावर ठेवतो, आणि त्या माझ्या समोर, पेटीच्या पलीकडे बसतात. मी एक ओळ म्हणते, थांबते, श्वास येतो तेव्हा पुढची म्हणते. जेवढा त्याने दिला तेवढा. पहिल्या दिवशी त्यांनी घाईघाईने भाता मारला आणि सूर थरथरला, तेव्हा मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, ढकलू नका, हवा कमी पडू द्यायची नाही एवढंच, पुढचं तो बघतो. त्यांनी मान हलवली. मग उठून जिन्याकडचं दार सताड उघडलं आणि परत येऊन भात्याला हात लावला.