फळीवर बसणारे मामा

"गादी नको, सार. फळीवर बसल्याशिवाय हात चालत न्हाई." दर शनिवारी आमचे ढोलकीवाले मामा हेच म्हणायचे आणि आम्ही अंथरलेली गादी बाजूला सारून मंचाच्या लाकडी फळ्यांवर मांडी ठोकायचे.

म्हैसूरच्या बाजारपेठेतला तो बार महाराजांच्या काळातला. त्यात आमचा चौघांचा ऑर्केस्ट्रा. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला. आठवडाभर कंपनीत आणि शनिवारी कीबोर्डवर. मामा इथल्याच जुन्या मराठी रंगारी घराण्यातले. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी, 'सर'चंही 'सार' व्हायचं. गाण्यात चूक कुणाचीही होवो, मामा हात हलवून म्हणणार, "परवागिल्ला!" चालायचंच म्हणे. एकच गोष्ट दोनदा विचारायचे, पण बारमध्ये सगळेच एकमेकांशी ओरडून बोलतात. कोण लक्ष देतो?

गादीचं म्हणाल तर कारण आम्ही आमचंच ठरवून टाकलं होतं. गुरूसमोर चेला गादीवर बसत नाही, हे वाजवणाऱ्याला शिकवावं लागत नाही. गुरू जाऊन इतकी वर्षं झाली तरी हा माणूस मान राखतो बघा, असं मी नव्या गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचो. शहाणाच मी!

मला मात्र त्या फळ्यांचा भारी वैताग. स्पीकर दणाणला की त्या थरथरायच्या आणि माझा कीबोर्ड स्टँडसकट हलायचा. दोन वर्षं मालकांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी दसऱ्याच्या गर्दीआधी त्यांनी फळ्या उखडून ग्रॅनाइट बसवलं. मी खूश.

पहिल्याच शनिवारी, गाणं मध्येच थांबतं तिथे आम्ही तिघे थांबलो आणि मामा वाजवतच राहिले. पुढच्या कडव्याला पुन्हा तेच. लोकांना वाटलं, गंमत चाललीय. एकाने शिट्टी मारली. मामांनी ढोलकी खाली ठेवली, तळहाताने ग्रॅनाइट चाचपलं आणि उठले.

मालकांना त्यांनी कानडीत सरळ सांगून टाकलं, "मला ऐकू येत नाही. सात वर्षं झाली. ताल फळीतून कळायचा." मालक भला माणूस. दाराशी बसून गिऱ्हाइकांची विचारपूस करा, असं त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाले. मामा म्हणाले, "समोर दुसरा वाजवणार आणि मी दारात बसू?" ते परत आले नाहीत.

मला झोप लागेना. लाज वाटत होती. रविवारी बन्नीमंटपाजवळच्या त्यांच्या घरी गेलो. मामींनी चहा ठेवला. मामा मलाच समजावत होते, "मालकांवर राग नका धरू. त्यांना काय ठाऊक, सार?"

"मामा, फळ्या मी काढायला लावल्या," मी म्हणालो.

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात? मोठ्यानं बोला."

मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"चहा छान झालाय," मी ओरडून सांगितलं.