माझ्या नावाचा गिलास

ये अक्का, अशी जवळ सरकून बस. आधी तुला रागावून घेते, मग बोलू. किती गं फोन करशील? सकाळी पूजा उरकली की एक, दुपारी मालिका संपली की एक. अन् वर शेजारणीला सांगतेस म्हणे, नांदेडला रेंजच नसते. रेंज चांगली आहे बाई. फोन उशाशी वाजतो अन् मी त्याच्याकडं बघत बसते.

तोंडानं बोलायला गेले तर रडेन, म्हणून तू समोर बसलीस असं धरून हे पत्र लिहून काढते. शाळा चौथीत सुटली माझी. पुढचं वाचणं शिकले ते किराणाच्या पुड्यांच्या कागदांवर, तुला ठाऊकच आहे. चुकलं तर सांभाळून घे.

लातूरला तुमच्या कापडदुकानामागच्या गल्लीत आम्ही भाड्यानं आलो, ती दुपार आठवते? माझे मालक पाटबंधारे खात्यात, नवी बदली. सामान टेंपोतच होतं. मी आधीच सांगून टाकलं, आम्ही बौद्ध आहोत, नंतर कटकट नको. घरमालकीण घुटमळली. तू तुमच्या ओसरीवरून ओरडलीस, "असू दे की! मानूस चांगलं पायजे." त्या एका वाक्यावर मी तुझी झाले. पुढं इथं नांदेडजवळ विष्णुपुरीला बदली झाली, इकडंच घर बांधलं, पण लातूरची फेरी मी चुकवली नाही. माहेरही नव्हतं तिथं. तू होतीस.

आता गिलासाचं. एका दिवाळीला तू स्टीलचा नवा सेट घेतलास. भांड्याच्या दुकानात मशीन घेऊन बसलेला माणूस घर्रर्र करून सगळ्यांवर तुझ्या मालकाचं नाव घालत होता. तू एक गिलास बाजूला काढलास अन् म्हणालीस, "ह्याच्यावर हिचं नाव घाल." मला तर गगन ठेंगणं झालं. माझं नाव तोवर रेशनकार्डाशिवाय कुठं उमटलेलं नव्हतं. लोह्याला माहेरी गेले तेव्हा आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, लातूरला माझ्या नावाचा गिलास आहे! आई शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, "गिलासच का गं? ताट न्हाई केलं?" मला आईचा राग आला होता. म्हटलं, हिला कुणाचं चांगलं बघवतच नाही.

मग हा मोबाइलवरचा इंग्रजीचा क्लास. अमेरिकेतल्या नातवाशी तुला हाय-बायच्या पुढं बोलता येईना, म्हणून तू नाव घातलंस, अन् एकटीला लाज वाटते म्हणून मलाही ओढलंस. शिकवणारी पोरगी आपल्या मराठवाड्याचीच, लंडनला नांदणारी. मजा येत होती खरं. त्या दिवशी तिनं विषय काढला, रंगावरून, वंशावरून माणसाला हलकं लेखतात ते कुठल्या देशात कसं चालतं. क्लासातली ती जालन्याची बाई म्हणाली, "लांब कशाला जायचं? आपुन गोरीच सून हुडकतो की." तर तू म्हणालीस, "म्या तर लेकासाठी बघायला गेल्यावर म्हनलं होतं, पोरगी जरा उजेडात आना!" मोबाइलवरचे सगळ्यांच्या तोंडांचे चौकोन खदाखदा हसले. मीही हसले.

मग शिकवणाऱ्या पोरीनं क्लासात बोलावलेली तिच्या ऑफिसातली मैत्रीण बोलली, दक्षिण आफ्रिकेची, काळीसावळी, भरल्या अंगाची. पोरगी मराठीत सांगत गेली. तिची आई एका गोऱ्यांच्या घरी कामाला होती. मालकीण लई प्रेमळ. पण आईच्या चहाचा मग वेगळा, पत्र्याचा, मोरीखाली ठेवलेला. तू पदरानं डोळे पुसलेस, अक्का. मी बघितलं. म्हटलं, माझी अक्का लोण्याची आहे.

अन् मग तू बोललीस.

"आपल्याकडं तसलं न्हाई हो मॅडम. आपुन मान ठेवून ऱ्हातो. आता माझी मैत्रीनच हाय की, ती बघा खालच्या चौकोनात दिसायलीय. ती आमच्यातली न्हाई, तरी सासूबाई होत्या तवापासून घरात येते. तिच्या नावाचा गिलासच करून ठिवला म्या. खिडकीत ठिवते, घरातल्या भांड्यांत मिसळत न्हाई. सासूबाईंचंबी मन ऱ्हायलं, अन् तिलाबी वाईट वाटलं न्हाई. हाय का न्हाई गं?"

मैत्रिणीनं काहीतरी विचारलं, तेव्हा पोरीनं हळू आवाजात तुझं बोलणं इंग्रजीत सांगितलं. ती बाई रागावली नाही. एवढंच म्हणाली, आईची मालकीणही असंच सांगायची. अन् तू मान डोलावलीस! तुला वाटलं, ती तुझी बाजू घेते आहे.

मोबाइलवर मला माझं तोंड दिसत होतं. आपल्याबद्दल असं ऐकताना आपलं तोंड कसं होतं, ते माणसाला कधी बघायला मिळू नये. मी क्लास बंद करून फोन पालथा घातला. तुझा लगेच फोन, "काय गं, रेंज गेली का?" मी म्हटलं, "हाव, गेली." त्यानंतर उचलला नाही.

खिडकीतला तो गिलास चहा झाला की मीच विसळायची, मीच पालथा घालायची. तू म्हणायचीस, "तुझ्या हातानं लख्ख निघतो." मी फुशारायची, अक्का! अन् तू माझ्या घरी आलीस की? कधी सोमवारचा उपास, कधी आत्ताच खाऊन निघाले, कधी पित्त. पिशवीत तुझी बाटली. माझे मालक गेले तेव्हा पहिल्या एसटीनं तू आलीस. माझं डोकं मांडीवर घेऊन दिवसभर बसलीस. सख्ख्या बहिणीनं केलं नाही एवढं केलंस. अन् माझ्या घरचं घोटभर पाणी घेतलं नाहीस. तेव्हा वाटलं, माझ्या दुःखानं हिचा घसा बंद झाला.

त्या प्रेमाला खोटं म्हणू म्हणते, तर जीभ वळत नाही. खरं म्हणायला जाते, तर आईच्या शेंगा फुटताना ऐकू येतात.

सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली गं? गिलास अजून खिडकीतच आहे ना?

म्हणून म्हणते, फोन पुरे. ये तू. लोह्यावरून येणारी सकाळची गाडी पकड, ऊन व्हायच्या आत पोचशील. तो गिलास पिशवीत घालून आण. माझ्या मांडणीत बाकीच्यांत ठेवीन, मग तो ज्याच्या हाताला येईल त्याचा. अन् पाण्याची बाटली तेवढी घरी ठेव. तहान लागली तर लागू दे, माठ भरलेला आहे. ये अक्का, लवकर ये.