जखमी बादशहाचा तर्जुमा

नोकरीत माझ्या हातून शब्द पुष्कळ चुकले असतील. चूक कळल्यावरही तसाच ठेवला असा शब्द एकच. त्याच्यापायी एका माणसाच्या पायात बेडी पडली. त्या माणसाला मी आप्पा म्हणायचो. ते मागच्या माघात गेले. ते असेपर्यंत मी बोलायचं नाही आणि ते गेल्यावर बोललो तरी कुणाचं नाव घ्यायचं नाही, असं आमच्यात ठरलं होतं. म्हणून आता लिहितो आहे, आणि बिननावानं लिहितो आहे.

निजामाच्या राजवटीत मी तालुक्याच्या कचेरीत अहलकार होतो. अहलकार म्हणजे साधा कारकून. सगळा कारभार उर्दूत चालायचा. मी सोलापुरात मामाकडं राहून इंग्रजी शिकलो होतो, म्हणून एखादा इंग्रजी कागद आला की त्याचा उर्दूत तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करायचं काम माझ्याकडं यायचं. त्यात खाडाखोडीचा नियम कडक होता. शब्द खोडायचा असेल तर समासात सही करायची, आणि का खोडला ते तिथंच लिहायचं. हा नियम लक्षात असू द्या. मी अडकलो तो इथंच.

कचेरीला सुट्टी जुम्म्याची. गुरुवारी संध्याकाळी सायकल काढून मी वाशीला घरी यायचो, आणि शुक्रवारी दुपारी, गिऱ्हाईक नसायच्या वेळेला, आप्पांच्या कापडाच्या दुकानात जाऊन बसायचो. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि डावा पाय लोडावर लांब सोडलेला, असे आप्पा बसलेले असायचे. त्या पायाच्या पिंढरीवर एक जखम होती, ती वर्षानुवर्षं भरत नव्हती. धोतराच्या चिंध्यांची पट्टी बांधलेली असे, आणि तिला कडुनिंबाच्या पाल्याचा वास येई. जखम कशानं झाली हे गावात कुणी विचारलं नव्हतं. मोठ्या माणसाला असलं विचारू नये, असं आमचं वळण. शिवाय लोकांनी मनाशी काहीबाही ठरवून टाकलं होतं. बाईचा नाद, वाईट रोग, असलं. मीही तेच धरून चाललो होतो.

मी तिथं जायचो ते वाचायला. विलायतेत गुप्त विद्येचं एक मंडळ होतं. ते टपालानं धडे पाठवायचं. आप्पांनी कुठल्याशा मासिकात जाहिरात पाहिली होती. धडे बार्शीच्या एका अडत्याच्या पत्त्यावर येत, कारण बार्शी इंग्रजी हद्दीत होती. तिथून ते कापडाच्या गठ्ठ्यातून वाशीला येत. नियम असा, की वाचून झालेला धडा परत धाडायचा, सोबत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं, आणि बाहेर कुणाशी बोलायचं नाही. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून मराठीत सांगायचो, आणि ते सांगतील ते उत्तर इंग्रजीत लिहायचो.

धड्यांत काय नव्हतं! शिशाचं सोनं करणारी किमया होती, गुलाब आणि क्रूस यांचं चिन्ह होतं, पत्त्यांच्या चित्रांत दडलेला अर्थ होता.

"पत्त्याचा पण धडा?" आप्पा हसून म्हणाले. "आमचा थोरला बिनधड्याचाच खेळतो की!"

मग ग्रेलचा धडा आला. ग्रेल म्हणजे नेमकं काय, हे धडा लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे येशूचा प्याला, कुणी म्हणे ताट, कुणी म्हणे आकाशातून पडलेला दगड. शेकडो वर्षं माणसं त्याला शोधत होती. मी 'प्याला' म्हटलं तर आप्पांनी तोंड वाकडं केलं.

"प्याला नगं म्हनू मुन्शी. त्या शब्दाला दारूचा वास येतो. वाटी म्हन."

तेव्हापासून त्या घरात ग्रेलची वाटी झाली. आतून काकू, म्हणजे आप्पांची बायको, ओरडायच्या, "घावली का वो इलायतेची वाटी? आमची आमटीची वाटी तीन दिस झालं घावंना, ती पण बघा त्या पुस्तकात!"

पण त्या धड्यातली गोष्ट मी सांगायला लागलो तेव्हा आप्पा हसायचे थांबले. एक राजा असतो. त्याच्या मांडीला जखम झालेली असते, ती काही केल्या भरत नाही. राजा जखमी, म्हणून त्याचा मुलूखही वैराण. शेत पिकत नाही, ओढा वाहत नाही. त्याच्या वाड्यात एक तरुण सरदार येतो. जेवायच्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोरून ती वाटी नेली जाते. त्यानं फक्त एवढंच विचारायचं असतं, की महाराज, तुम्हांला काय दुखतंय? एवढ्यानं राजा बरा होणार असतो. पण मोठ्यांना फार विचारू नये असं त्याला शिकवलेलं असतं. तो गप्प बसतो. सकाळी उठून पाहतो तर वाडा रिकामा. मग आयुष्यभर तो त्या वाड्याची वाट शोधत हिंडतो.

आप्पा पट्टीवरून हात फिरवत म्हणाले, "त्येची मांडी, माझी पिंढरी. जरा खालवर, एवढंच."

आणि माझ्याकडं बघितलं. मी कागद नीट लावू लागलो. आता लिहिताना दिसतं, की त्यांनी दार उघडून धरलं होतं. मी शेवटचा प्रश्न वाचला, 'तो तरुण गप्प का बसला?'

"लिही," आप्पा म्हणाले, "नोकरीवाला असंल बिचारा."

आम्ही दोघं हसलो. मी ते इंग्रजीत जसंच्या तसं उतरवलं.

त्यानंतरचं वर्ष वाईट होतं. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता, आम्ही झालो नव्हतो. बार्शीच्या वाटेवर करोडगिरीच्या नाक्याला प्रत्येक गाडी उलटीपालटी करून पाहत. जकातीपेक्षा आता बंदुकांचा आणि पत्रकांचा तपास चाले. असाच एक कापडाचा गठ्ठा फोडला, तर आत इंग्रजी कागद निघाले. ग्रेलचा धडा परत चालला होता. सोबत धड्याबरोबरच आलेलं मंडळाचं एक पत्र होतं, आणि पत्रावर आप्पांचं नाव. कागद आमच्या तालुक्याला आले, आणि तालुक्यात इंग्रजी वाचणारा मी एकटा.

अमीन, म्हणजे पोलिसांचा ठाणेदार, स्वतः गड्डी घेऊन आला आणि माझ्या मेजापाशी खुर्ची ओढून बसला. गड्डी सोडली तर तिसऱ्या कागदावर माझंच अक्षर. नोकरीवाला असेल बिचारा. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, पण अक्षर ओळखायला इंग्रजी लागत नाही. अमीन चहावाल्याला हाक मारायला वळला तेवढ्यात मी तो कागद घडी करून सदऱ्याच्या आत घातला. कागद पोटाला चिकटला. घामानं भिजला असेल; दिवसभर तो तिथंच होता.

मग मी लिहायला बसलो. राजाला बादशहा लिहिलं, सरदारांना सवार. मुलूख वैराण, म्हणून मुल्क वीरान. पत्रात मंडळाला ऑर्डर म्हटलं होतं. इंग्रजीत बंधूमंडळालाही ऑर्डर म्हणतात, आणि आज्ञेलाही. कचेरीत रोज दहा वेळा लिहायचा शब्द हातातून आपसूक उतरला, 'हुकूम'. ही चूक खरी चूक होती. एवढी तरी कबुली माझ्या बाजूनं घ्या.

दुसऱ्या पानाच्या अर्ध्यात मला कळलं. वाशीच्या दुकानात मी याच शब्दाला दोन वर्षं 'मंडळ' म्हणत आलो होतो. मागं जाऊन वाचलं तर कागदावर असं उभं राहिलं होतं, की बादशहा जखमी आहे, मुल्क वीरान आहे, सवार निघाले आहेत, भावांनी खामोशी राखावी आणि पुढच्या हुकुमाची वाट पाहावी.

एक शब्द खोडला असता तरी बाकीचे शब्द निवळले असते. मंडळ, धडा, जुनी गोष्ट. पण खोडायचं तर समासात सही, आणि कारण. काय कारण लिहू? हा धडा मी आधी वाचला आहे म्हणून मला अर्थ माहीत आहे? टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून बसलो. दोन्ही बाजूंनी भिंत होती. पोटाशी तो कागद होता आणि समोर अमीन चहा फुंकत होता.

त्यानं तर्जुमा दोनदा वाचला. "क्या मुन्शी, ये जखमी बादशाह कौन?"

इथं मी सांगू शकलो असतो. किस्सा आहे साहेब, विलायतेचा जुना किस्सा. तीन शब्द लागले असते.

"जो लिखा है वोच लिख्या, साहब," मी म्हणालो.

आप्पांना दुसऱ्या दिवशी नेलं. पुढच्या शुक्रवारी मी वाशीला गेलोच नाही. पोलीस ॲक्शनपर्यंत सहासात महिने ते आत होते. बेडी त्याच पायात पडली. जखम चिघळली, आणि गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

ते सुटून आले तेव्हा गावानं त्यांना बैलगाडीत बसवून मिरवलं. तर्जुमा कुणीतरी ऐकला होता आणि तो तोंडातोंडी पसरला होता. बादशहा जखमी आहे, असं निजामाच्या तोंडावर लिहिणारा मर्द! मी गर्दीच्या मागं, पिंपळाच्या पाराआड उभा होतो. आप्पा कुबडी मांडीवर घेऊन बसले होते, आणि हार घालून घेत होते. चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

सातआठ वर्षं मी त्या दुकानाच्या गल्लीतून गेलो नाही. कारभार मराठीत आला, माझी नोकरी टिकली. मग वाशीच्या शाळेच्या आवारात तुरुंगात गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. हेडमास्तर माझ्याकडं आले. म्हणाले, "तुम्ही तेव्हा कचेरीत होता. आप्पांच्या गुप्त संघटनेची हकीकत तुम्हीच लिहून द्या. दगडाच्या समारंभात वाचू."

लिहायला बसलो, तर पहिलीच ओळ होईना. खरं लिहावं तर त्या म्हाताऱ्याच्या गळ्यातले हार मी काढून घेणार. खोटं लिहावं तर तोच शब्द मी दुसऱ्यांदा ठेवणार. रजा टाकून एका शुक्रवारी वाशीला गेलो. सदऱ्याच्या आत तो कागद होता.

आप्पा तिथंच बसलेले. लोडही तोच, वर मांडी आणि पुढं रिकामं धोतर.

"या मुन्शी," ते म्हणाले. "लई दिसांनी सुट्टी घावली."

मी कागद पुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. चहा, अमीन, खाडाखोडीचा नियम, हुकूम. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हाईत हाय मला," ते शेवटी म्हणाले. "तुझा तर्जुमा मला वाचून दावला हुता तिथं. हुकूम ऐकलं आन् म्हनलं, मुन्शी तर मंडळ म्हनायचा. म्हंजी त्यो भ्यालाय."

"तुम्ही का नाही सांगितलंत त्यांना? की हा किस्सा आहे?"

"सांगितलं की. चार डाव सांगितलं. त्ये म्हनले, किस्सा हाय तर तर्जुमा करनाऱ्याला कसं कळलं न्हाई? तिथं तुजं नाव घ्यायचं म्हंजी तुला पन आत घ्यायचा. पाय जायाचाच हुता मुन्शी, तुला कशाला वढू?"

काकू पडद्याआड होत्या. भांड्याचा आवाज थांबला होता.

"मग आता खरं लिहून देऊ?" मी विचारलं.

"नगं." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "नातवंडं शाळंत जात्यात. त्येंचा आज्जा निजामाला भ्याला न्हाई, असं गुरुजी सांगत्यात. आता वाटीपायी आत गेला म्हनून सांगू? म्या असंपतूर गप ऱ्हा, मागनं बोललास तरी कुनाचं नाव नगं. त्या हुकमात म्या आता घर करून बसलोय."

हेडमास्तरांना मी तब्येतीचं कारण सांगितलं. हकीकत दुसऱ्या कुणी लिहिली. पण त्या दिवशी मी लगेच उठलो नाही. उठवेना. तो कागद आमच्या दोघांच्या मधे पडला होता, आणि मला काय विचारायचं राहिलं आहे हे मला पुरतं ठाऊक होतं. तेव्हाही वाटलं, मोठ्या माणसाला असं विचारावं का.

"आप्पा," मी म्हणालो, "ती जखम कशानं झाली होती?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग खो खो हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"धसकट, मुन्शी! जोंधळ्याचं धसकट. काढनी झालेल्या रानात गाडीतनं उडी मारली, घुसलं. तवा तिशीचा हुतो. पू झाला, येवढंच. पन कुनी इचारंना. समदी नजर चुकवायची. मलाच वाटाया लागलं, कायतरी लाजायसारखं असंल. म्हनून दवाखान्यात न्हाई गेलो. बार्शीला मिशनचा डागदर हुता, तासाभराचं काम."

आतून काकू म्हणाल्या, "मला पन न्हाई सांगितलं इतकी वर्सं. मी बी न्हाई इचारलं."

मी विचारलं, "अजून दुखतो?"

"दुखतो की," आप्पा म्हणाले, आणि जिथं पाय नव्हता तिथं, रिकाम्या धोतरावर हात ठेवला. "हितं. बस जरा. सांगतो."

मी बसलो. संध्याकाळी गिऱ्हाइकं यायला लागली तरी ते सांगतच होते.