सगळ्यांना आवडलेलं पाकीट

कुणाचं खरं मत हवं असेल तर त्याच्या घरी जाऊ नये, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाने काहीही दाखवलं तरी त्याला नावं ठेवत नाहीत, आधी चहा ठेवतात. मी ज्या कामासाठी सांगली आणि सातारा जिल्ह्यांत एस.टी.ने हिंडले ते काम नावं ठेवून घेण्याचंच होतं, आणि नावं ठेवायला एक माणूस तयार नव्हता.

सांगलीत एका लहानशा ऑफिसात मी डिझाइनचं काम करते. साताऱ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याला गोळ्यांची कागदी पाकिटं नव्याने करून हवी होती. त्यांची शिबिरं दोन्ही जिल्ह्यांत होतात आणि येणारे बरेचसे पेशंट म्हातारे, वाचता न येणारे. म्हणून सकाळ, दुपार आणि रात्रीची तीन वेगळी पाकिटं, आणि प्रत्येकावर एक मोठं चित्र. सकाळच्या पाकिटावर मी डोंगरामागून वर येणारा अर्धा सूर्य काढला, दुपारच्यावर पूर्ण सूर्य, रात्रीच्यावर निळ्या आभाळातली चंद्रकोर. खाली बारीक अक्षरात वेळ लिहिली. कंपाउंडरने त्या त्या वेळेच्या गोळ्या त्या त्या पाकिटात घालायच्या आणि पेशंटने चित्र बघून एकेक घ्यायची, इतका सरळ मामला. चित्रं देखणी झाली होती. आजही मला ती देखणीच वाटतात.

आमच्या साहेबांना मात्र माझ्या वाटण्याची किंमत नव्हती. लोकांचा अभिप्राय पाहिजे, असं म्हणून त्यांनी एक फॉर्म केला. चित्र आवडलं का? रंग नीट दिसतात का? चित्र समजलं का? प्रत्येक प्रश्नापुढे पाच चेहरे, खदखदून हसणाऱ्यापासून ढसाढसा रडणाऱ्यापर्यंत. लोकांनी एका चेहऱ्यावर खूण करायची. "एवढं सोपं केलंय, तू फक्त भरून आण," असं त्यांनी पंख्याखाली बसून सांगितलं. मी भर मे महिन्यात कवठे महांकाळची गाडी पकडली.

तिथे पहिला अर्धा दिवस मी सरकारी बाई नाही हे पटवण्यात गेला. हातात फॉर्म म्हणजे योजना, आणि योजना म्हणजे यादी. "आमचं नाव लिवलं का?" असं प्रत्येक घरात विचारलं गेलं. नाव नको, फक्त मत द्या म्हटलं की चेहरे पडायचे. बायकांना प्रश्न विचारला की उत्तर नवऱ्यांकडून यायचं. एका गृहस्थाने तर चित्र न बघताच, "तिला आवडलं," असं सांगून टाकलं. ती आत भाकऱ्या थापत होती. एका आजीबाईंना म्हटलं, आवडलं नसेल तर खुशाल रडक्या तोंडावर खूण करा. त्यांनी माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

"दवाखान्याचा कागद हाय बाई. त्येच्यावर रडक्या तोंडाला कोन हात लावंल?"

"पण आजी, चित्र आवडलं नाही तर?"

"न्हाई आवडलं तरी न्हाई लावायचा. आदीच घरात आजारपन हाय."

मी कपाळाला हात लावला. संध्याकाळी स्टँडवर फॉर्म चाळले तर सगळे कसे खदखदून हसत होते.

आष्ट्यात एक वयस्कर टेलरचाचा भेटले, गळ्यात टेप, समोर कुणाचं तरी परकर-पोलक्याचं काम. त्यांनी तिन्ही पाकिटं उजेडात धरली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "बेटा, सगळं झकास हाय. फकत ह्यो निळा जरा फिका पडला." मला इतका आनंद झाला की मी त्यांच्याकडे दोन कप चहा घेतला. एवढ्या पायपिटीत कुणीतरी एकाने काहीतरी बरं नाही म्हटलं होतं. तो निळा पुढे आमच्या ऑफिसात आठवडाभर गाजला.

शेवटी मेढ्याकडे गेले, कारण मेढ्याच्या वरच्या अंगाला माझी आत्या राहते. वडिलांची थोरली बहीण, वय सत्तरीच्या पुढे, जीभ तिखट. ब्लड प्रेशरची जुनी पेशंट आणि त्याच दवाखान्याची. मला वाटलं, निदान ही तरी खरं बोलेल. ही बाई माझ्या लग्नात, सगळ्यांसमोर, जिलबीला पाक लागला नाही म्हणाली होती.

मी पोचले तर तिने अंगणात आळीतल्या सगळ्या बायका गोळा करून ठेवलेल्या. पाकीट हातात घेऊन तिने जाहीर केलं, "माज्या भाचीनं काडलंय. बघा आनि खरं काय ते सांगा." असं म्हणून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्यासमोर खोटं सोडा, खरं बोलायचीही कुणाची छाती नव्हती. सगळ्यांनी लय छान म्हटलं. दोघींनी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं, तर त्यांच्या खुणा आत्यानेच करून टाकल्या. तिचा स्वतःचा फॉर्म मी मुद्दाम बाजूला घेऊन भरला. चित्र समजलं का? "न समजायला काय झालं? झ्याक समजलं." मी मोठ्या हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. काय समजलं, असं मी विचारलं नाही. फॉर्मवर तो प्रश्न नव्हता, आणि माझी गाडी सुटायची वेळ झाली होती.

साहेबांनी रंगीत आलेख काढले, निळा गडद केला आणि पाकिटं छापून गेली.

पावसाळा संपता संपता आत्याच्या सुनेचा फोन आला. आत्या अंगणात चक्कर येऊन पडली होती. हाड मोडलं नव्हतं, पण प्रेशर भलतंच वाढलेलं निघालं. आजी गोळ्या चुकवतात, असं डॉक्टर म्हणत होते, आणि आत्या एकही चुकवली नाही म्हणून शपथा घेत होती. आठ दिवसांनी पुन्हा तपासायला बोलावलं होतं. सून अंगणवाडीत कामाला, तिला रजा नव्हती. मी जाते म्हटलं.

मी जी तणतणत गेले ती दारातूनच सुरू झाले. एवढी चित्रं काढून दिली, एवढी सोय केली, तरी तुला तीन वेळा तीन गोळ्या घेता येत नाहीत? पडून पाय मोडला असता म्हणजे? मेंदूत रक्त चढलं असतं म्हणजे? मी बरंच बोलले. भीती वाटली की मला रागच येतो. आत्या उठली आणि फळीवरचा पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "मोज."

डब्यात माझी तिन्ही पाकिटं होती. सकाळच्या पाकिटात अर्ध्या केलेल्या गोळ्या. अगदी सफाईने, मधोमध. दुपारच्या पाकिटात अख्ख्या. रात्रीच्यात बारीक बारीक तुकडे.

"ह्या तोडल्यास कशानं?"

"अडकित्त्यानं."

"पण का?"

आता तिला माझा वैताग आला. सकाळचं पाकीट तिने माझ्या नाकासमोर धरलं. "तूच काडलंयस न्हवं? सकाळी अर्दी. दुपारी पुरी. रातच्याला चांद बारीक हाय, म्हून पाव. येक दीस चुकवली न्हाई म्या."

मी त्या चित्राकडे बघत बसले. पांढऱ्या कागदावर अर्धा गोल, पिवळसर, कडेला नीट रेघ मारलेला सूर्य. तिची गोळीही गोल आणि पिवळसर होती. प्रेशरची गोळी सकाळी आणि रात्री होती. दुपारची, जी ती इमानेइतबारे अख्खी घेत होती, ती कॅल्शियमची होती. मला रडू आलं, आणि मी तिला इतकं बोलले होते याची इतकी लाज वाटली की माफीसुद्धा धड मागता येईना. सूर्य म्हणजे सकाळ, असं तिला कसंबसं समजावून सांगितलं.

"म्हंजे तुजं चुकलं," ती म्हणाली.

"हो."

"मग दवाखान्यात काय बोलू नगंस. तुज्या कामाचं वांदं हुतील. मी म्हनते, मीच चुकवत हुते. आतापासनं पुरी घीन, झालं."

मला तो विचार आवडला, हे कबूल करते. मेढा सोडून सातारा येईपर्यंत सगळ्या वाटेत तो मला आवडत होता. आत्या पूर्ण गोळ्या घेणार, प्रेशर खाली येणार, साहेबांना कळणार नाही, कुणाचं काही बिघडणार नाही, असा हिशेब मी मनात दहा वेळा मांडला.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर सात-आठ म्हातारी माणसं नंबर लावून बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर माझी पाकिटं. निळा रंग खरंच उठून दिसत होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि आत्याला घेऊन आत गेले.

"आजी, खरं सांगा," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या चुकवत होता ना?"

"व्हय जी," आत्या म्हणाली. "अडानी मानूस. ऱ्हाऊन जायाचं."

डॉक्टरांनी मान हलवून तसं लिहायला घेतलं. आयुष्यात कधी चूक मान्य न केलेली ही बाई माझ्यासाठी मान खाली घालून बसली होती. ते मला बघवेना.

"नाही डॉक्टर," मी म्हटलं. "ती पाकिटं मी काढली आहेत. तिने चित्राप्रमाणेच गोळ्या घेतल्या." आणि सगळं सांगितलं. आत्याने टेबलाखाली माझ्या दंडाला कळवळून जाईन असा चिमटा काढला.

डॉक्टरांना आधी पटेना. ते उठले, दाराशी गेले आणि बाकावरच्या पहिल्या म्हाताऱ्याच्या मांडीवरचं सकाळचं पाकीट घेऊन त्यांनी सूर्यावर बोट ठेवलं. "बाबा, हे म्हणजे काय?"

"अर्दी," म्हातारा म्हणाला.

त्याच दुपारी दवाखान्याने पाकिटं वाटायची थांबवली. साहेबांना मी तिथूनच फोन केला. "पण सर्व्हेत तर सगळ्यांना आवडलं होतं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी त्यांच्यावर ओरडू शकले असते, पण फॉर्म भरले होते मीच.

आत्या माझ्याशी बोलायला तयार नव्हती. मेढ्याची गाडी लागेपर्यंत ती स्टँडवर तोंड फिरवून बसली. मी शेंगा आणल्या, तिने घेतल्या नाहीत. पाणी आणलं, ते घेतलं. शेवटी मीच म्हटलं, नवीन चित्रं काढली की आधी तुला दाखवायला आणते, तेव्हा तरी खरं सांग.

"मला नगं इचारूस," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तू काडलेलं मला वाईट दिसतच न्हाई."