सिम स्वस्तातलं, बोलणी मुलींना

मागच्या शुक्रवारी प्रताप नगरच्या आमच्या ऑफिसात माझं डोकं असं फिरलं, की अजून जागेवर आलेलं नाही. लिहून टाकते, म्हणजे निदान आज झोप तरी लागेल...

छतावरचे सोलर पॅनल विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी टेलिकॉलिंगची टीम सांभाळते. आम्ही कुणालाही उठून फोन लावत नाही. प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर येऊन ज्यांनी स्वतःहून नंबर दिला, त्यांनाच लावतो. नागपूरचा उन्हाळा, दिवसरात्र चालणारे कूलर, विजेचं बिल... लोकांना ऐकायचं असतं. आधी ऐकायचेसुद्धा.

मग सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, एका मोबाईल कंपनीचा एजंट भेटला. सगळ्या लाइनी आमच्याकडून घ्या, प्लॅन स्वस्तात पडेल. सरांनी टीममध्ये कुणालाच विचारलं नाही. जुनी सिमकार्डं काढली, नव्या कंपनीची, नव्या नंबरांची टाकली, झालं.

तेव्हापासून लोकांनी फोन उचलणंच सोडलं. रिंग जाते, कट. परत लावा, परत कट. कोराडीच्या कॉलनीत चुकून कुणी उचललाच, तर आवाज इतका तुटायचा की माणूस हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचा.

मी सरांना म्हटलं, नेटवर्क बघा. ते म्हणाले, नेटवर्कला दोष देणं सोपं असतं...

तर शुक्रवारी त्यांनी सगळ्यांसमोर उज्ज्वलाला उभं केलं. उज्ज्वला रोज कन्हानहून बसने येते. आमची सगळ्यात चांगली कॉलर. वैतागून फोन उचललेला माणूससुद्धा शेवटी तिला घराचा पत्ता सांगून मोकळा होतो.

"बोलताच येत नाही तुले, तर सेल्समध्ये आली काहून?" सर ओरडले. "सोमवारपासून येऊ नको."

ती एवढंच म्हणाली, "सर, मी तेच बोलून राहिली जे आधी बोलत होती. लोकं फोनच उचलून नाही राहिले." पण सर केबिनमध्ये निघून गेले होते.

तिचा स्वतःचा मोबाईल बंद पडला होता, म्हणून तो चार्जिंगला लावून तिने ऑफिसच्या फोनवरून बाबांना कॉल केला. लवकर येते, स्टँडवर घ्यायला या, एवढंच सांगायचं होतं. बाबांनी कट केला. तिने परत लावला. परत कट.

थोड्या वेळाने तिचा मोबाईल सुरू झाला आणि घरच्या ग्रुपवर बाबांचा मेसेज दिसला. स्क्रीनशॉट होता. आमच्या ऑफिसचा नंबर आणि त्याच्यावर लाल अक्षरांत 'संशयित स्पॅम'. खाली बाबांनी लिहिलं होतं, "हा नंबर कोणी उचलू नका. फ्रॉडवाले आहेत, मांगं लागून राहिले."

उज्ज्वला हसायला लागली... आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. मला काही हसू आलं नाही.

मी तिचा ऑफिसचा फोन उचलला, केबिनच्या काचेसमोर उभी राहिले आणि सरांच्या मोबाईलवर कॉल लावला. नवे नंबर त्यांनी सेव्हसुद्धा केले नव्हते. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि कट करून टाकला.

मी दार ढकलून आत गेले. "सर, आत्ता जो कट केला ना, तो उज्ज्वलाचा फोन होता. तुम्हीच घेत नाही, तर कस्टमर कशाला घेईल?" माझा आवाज चढला होता, बाहेर सगळ्यांना ऐकू जात होतं. जाऊ दे.

सरांनी मोबाईल हातात घेऊन ती लाल अक्षरं वाचली. मग एजंटला फोन लावला, स्पीकरवर. आणि तो एजंट किती सहज सांगत होता... "हां सर, ते नंबर पहिले दुसऱ्या पार्टीकडे होते. त्याहीनं लय कॉल केले, लोकाहीनं कंप्लेंट टाकल्या असतीन. होते असं कधी कधी."

होते असं! एका मुलीची नोकरी गेली आणि ह्याच्या लेखी होते असं कधी कधी!

जुनी सिमकार्डं नशिबाने अजून चालू होती. शनिवारी सकाळी तीच परत टाकली, आणि कोराडीच्या एका काकूंनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला. "बोल वं बाई," म्हणाल्या. आवाज स्वच्छ. मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

सर मला म्हणाले, उज्ज्वलाला सांग, सोमवारी ये. मी म्हटलं, काढलं तुम्ही, बोलवा पण तुम्हीच. त्यांनी माझ्यासमोर फोन केला. ती म्हणाली, येते सर, पण जे सगळ्यांसमोर बोलले ते सगळ्यांसमोरच वापस घ्या.

सोमवारी सर हॉलच्या मधोमध उभे राहिले. घसा खाकरला. "ते... सिमचा प्रॉब्लेम होता. उज्ज्वलाची काही चूक नव्हती." आणि लगेच केबिनकडे वळले.

"ते सिम कोणी घेतले होते, सर?"

उज्ज्वलाच विचारत होती. कस्टमरशी बोलते त्याच आवाजात, अगदी शांतपणे. सर थांबले आणि वळून तिच्याकडे बघत म्हणाले, "मी."

माझा राग अजून गेलेला नाही. अशा कितीतरी ऑफिसांमधून कितीतरी मुली घरी जात असतील, आपल्यालाच बोलता येत नाही असं समजून... आणि त्यांना कधी कळणारही नाही.

मी केबिनमध्ये जाऊन भांडले, तेव्हा माझ्या अंगात राग होता. तिला तर रागाचीही गरज पडली नाही. थँक्यू वं उज्ज्वला.