बेलभंडारा उचलला तेव्हा

यशोदाबाईंना एकादशी-चतुर्थीपेक्षा आता अठ्ठाविसावा दिवस पक्का पाठ झाला आहे. त्या दिवशी नवऱ्याला, कमलाकर गुरवांना घेऊन वैरागजवळच्या गावाहून सोलापूर गाठायचं, नर्सबाईनं कमरेत जाड सुई टोचायची आणि परत फिरायचं. कमलाकरांच्या आतड्यात गाठ आहे, तिची पिल्लं यकृतात गेली आहेत. ती रक्तात काहीबाही सोडते, मग तोंड लालबुंद होतं, दिवसातून दहादा पोट बिघडतं. इंजेक्शन त्याला लगाम घालतं, गाठ मात्र राहतेच. म्हणून ते जन्माला चिकटलेलं. दर खेपेला यशोदाबाई ठरवतात, आज माफी मागायची. अन् दर खेपेला तशाच परत येतात.

रोगाचं नाव कळायला चार वर्षं लागली. गावाला एवढा धीर कुठला? गावानं आधीच नाव ठेवलं होतं, दारू. महादेवाच्या पूजेची पाळी असलेला गुरव सकाळीच लालभडक तोंडानं फिरतो, आरती अर्धी टाकून पळतो, मग दुसरं काय असणार! चुलतभाऊ शहाजीला ती पाळी हवीच होती, त्यानं पंच बसवले. कमलाकर पडले सरळमार्गी. म्हणाले, देवाचा बेलभंडारा हातात उचलून शपथ घेतो. तो उचलून खोटं बोलायची त्या गावात कुणाची छाती नाही. "मी दारूच्या थेंबाला शिवलेलो न्हाय," ते म्हणाले, आणि तेवढ्यात मानेपासून कपाळापर्यंत रक्त चढलं. देवानंच कौल दिल्यावर पंच काय बोलणार? पाळी शहाजीकडे गेली. बायकांत बसलेल्या यशोदाबाईंनी मान खाली घातली.

पुढं निदान झालं, तेव्हा त्या डॉक्टरांचा कागद घेऊन घरोघर फिरल्या. शहाजी ओशाळला, पाळी परत घे म्हणाला. पण तोवर कमलाकरांना गाभाऱ्यात वाकवत नव्हतं.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाचा जोर लवकर ओसरतोय, यापुढं एकवीस दिवसांनी या. दोघं स्टँडवर येऊन बाकावर बसले. आता माफी पुढच्या खेपेवर ढकलण्यात अर्थ नव्हता.

"अवो, बेलभंडारा उचलला त्या दिशी मलाबी वाटलं, तुमी खोटंच बोलताय. माजं चुकलं."

"ठावं हाय," कमलाकर म्हणाले.

"कसं ठावं?"

"त्या सकाळी मी देवळाकडं निगालो, तवा तू जवळ येऊन माज्या तोंडाचा वास घेतला व्हतास. वास न्हवता. गावात तुला एकटीलाच ते ठावं व्हतं की. मला वाटलं, तू उठून सांगशील."

आवाजात राग नव्हता, तेच यशोदाबाईंना सोसवेना. वैरागची गाडी लागली. 'मी घाबरले व्हते' असं सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण तेही खोटं झालं असतं. त्या दिवशी त्यांना नवऱ्याची लाज वाटली होती.